मिंधं राहण्याविषयी

प्रायव्हेट टूर घेतली ती बाबांच्या गुडघ्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. ह्यूस्टनहून ओआहाकाला थेट विमान आहे, अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, आणि तीन महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना नुसते मॉल आणि मंदिरं दाखवून परत पाठवायचं नाही असं मी ठरवलं होतं. वीस जणांच्या बसमधून गेलो असतो तर निम्म्या पैशांत भागलं असतं. पण स्वतंत्र गाडी घेण्याचं दुसरं कारण असं, की त्या दिवशी मला कुणाचं काही देणं लागायला नको होतं. पैसे आधीच भरलेले, गाईड आणि ड्रायव्हर एकच माणूस आणि तो आमचा, कुठे किती थांबायचं ते आम्ही ठरवणार. कुणाला ‘जरा थांबता का’ म्हणायला नको. टिपेचं पाकीटसुद्धा मी आदल्या रात्रीच भरून ठेवलं होतं.

हे माझ्यात आईकडून आलंय असं मला वाटायचं. आमच्या घरात ‘कुणाचं मिंधं राहायचं नाही’ हे वाक्य शुभंकरोतीच्या बरोबरीनं ऐकलेलं. (हल्ली राजकारण्यांनी या शब्दाची शिवी करून टाकली आहे, पण आमच्या घरात तो त्याआधीपासून होता.)

सकाळी पहिला थांबा तुलेचा वृक्ष. सांता मारिया देल तुले गावात चर्चच्या आवारात एक आवेवेते, म्हणजे सुरूच्या कुळातला वृक्ष उभा आहे. बुंध्याचा घेर सुमारे ४२ मीटर. जगातला सगळ्यात जाड बुंधा म्हणतात तो हाच. इतका जाड की ही एकमेकांत वाढलेली अनेक झाडं असावीत असं लोकांना वाटायचं. १९९०च्या दशकात डीएनए तपासलं तेव्हा झाड एकच निघालं. बाबा बाकावर बसले, आईनं नमस्कार केला, मी फोटो काढले. झाडापाशी कुणाचंच काही लागत नाही. तिथून निघालो.

तेओतित्लान देल वाये हे विणकरांचं गाव. सापोतेक लोक इथे स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून विणतात. तेव्हा कमरेला बांधायच्या मागावर सूत, आणि स्पॅनिशांनी मेंढ्या आणि पायमाग आणल्यानंतर लोकर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गालिचे टांगलेले. आम्ही एका घराच्या अंगणात शिरलो. एका बाजूला तीन माग, दुसऱ्या बाजूला चुलीवर रंगाची भांडी, मधे टोपल्यांमध्ये झेंडूच्या जातीची सुकी फुलं, नीळ, डाळिंबाच्या साली, आणि निवडुंगाचं एक पान. पानावर पांढरी बुरशी लागल्यासारखं दिसत होतं. घरातल्या बाईंनी त्यातला एक ठिपका तळहातावर चिरडला. तळहात रक्तासारखा लाल झाला.

हा कोचिनील किडा. एक किलो रंगद्रव्यासाठी असे लाखाहून जास्त सुकवलेले किडे लागतात. वसाहतीच्या काळात मेक्सिकोतून स्पेनला जाणाऱ्या मालात चांदीखालोखाल मोल याचं होतं. बाईंनी तळहातावर लिंबू पिळलं, लाल रंग केशरी झाला. दुसऱ्या हातावरच्या रंगात चुन्याची चिमूट टाकली, तो जांभळा झाला.

“अगंबाई, हळदीचं कुंकू करतात तसंच की हे,” आई म्हणाली. मग हळदीवर चुना पडला की ती कशी लाल होते हे तिनं मला सांगितलं, मी गाईडला इंग्रजीत, गाईडनं बाईंना स्पॅनिशमध्ये, आणि बाईंनी मागावर बसलेल्या सासूबाईंना सापोतेकमध्ये. चार भाषा ओलांडून हळद पोचली. सासूबाईंनी माग थांबवला आणि आईकडे पाहून मान हलवली. त्या दिवसात मला स्वच्छ आनंद झाला असा हा एकच क्षण, आणि तो ठरलेल्या कार्यक्रमात नव्हता.

बाकीचं होतं. आमच्या कंपनीत दर दुसऱ्या शुक्रवारी डेमो असतो, त्यामुळे डेमो मला लांबून ओळखू येतो. कोणत्या वाक्यानंतर पाहुणे हसतात, लिंबू कधी पिळायचं, पाहुण्याच्या हातात पिंजायचा ब्रश कधी द्यायचा, सगळं बसलेलं. मी याला फसवणूक म्हणत नाही. रंग खरोखर बदलतो, हात खरोखर विणकराचे आहेत. ते दिवसातून सहा वेळा करावं लागतं एवढंच. आणि ‘अस्सल’ शोधायला गेलं तर हाती फारसं लागतही नाही. याच गावानं १९६०-७०च्या सुमारास पिकासो आणि मिरोच्या चित्रांचे गालिचे विणले, कारण गिऱ्हाइकांना ते हवे होते. अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी मागितली म्हणून नवाहो लोकांची नक्षी विणली, आणि पुढे तीच नवाहो नक्षी भारतातल्या मागांवरही उतरली. त्यामुळे बाबा माझ्या कानात “हेच पानिपतला एक चतुर्थांश किमतीत मिळेल” असं पुटपुटले तेव्हा ते फारसं चूक बोलत नव्हते.

चाळीस मिनिटांनी गालिचे उलगडायला लागले. एक, दोन, सात, अकरा. मला आवडला तो साडेतीन हजार पेसोंचा होता, मित्लाच्या भिंतीवरच्या नागमोडी पायऱ्यांची नक्षी. माझ्या भाड्याच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे. गालिचा नकोच होता. मी “सुंदर आहे” म्हणालो, “विचार करतो” म्हणालो, आणि शेवटी कपाखाली ठेवायचे चार तुकडे घेतले. बाईंनी ते कागदात नीट गुंडाळून दिले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी अकरा गालिचे परत घडी करायला घेतले आणि आम्ही गाडीत बसलो.

“मिंधं वाटतंय रे,” आई म्हणाली.

मी माझा युक्तिवाद मांडला. आपण टूरचे पैसे भरलेत. दाखवणं हा त्यांच्या विक्रीचा खर्च आहे, दहातला एक घेतो हे धरूनच त्यांनी किंमत ठेवलेली असणार. न घेणारे नऊ जण हे त्या हिशेबातच आहेत, आपण त्यांची फसवणूक केलेली नाही. उलट, लाज वाटते म्हणून गालिचा घेतला असता तर ते दोघांच्याही दृष्टीनं वाईट. त्यांच्या कलेची किंमत आपल्या ओशाळेपणावर ठरली असती.

“हो, बरोबर आहे तुझं,” आई म्हणाली. आमच्या घरात याचा अर्थ ‘तू मुद्दा चुकलास’ असा होतो.

गाईडनं आरशातून पाहून विचारलं, तुमच्या आई काय म्हणतायत? तो याच खोऱ्यातल्या एका गावाचा, सापोतेक, सात वर्षं लॉस एंजेलिसमध्ये हॉटेलच्या किचनमध्ये काढून परत आलेला. ‘मिंधा’ला इंग्रजी शब्द मला सापडेना. ज्याच्यावर कर्ज आहे तो, हे सांगता येतं. पण ज्याला त्यामुळे समोरच्याच्या नजरेला नजर देता येत नाही, आणि तरी ज्याचं येणंजाणं सुटत नाही तो, हे एका शब्दात कसं सांगणार? मी मोडकंतोडकं काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, आमच्या घरी त्याची वही आहे.

मग मित्ला येईपर्यंत तो वहीबद्दल बोलत राहिला. गेलागेत्सा. पर्यटकांना हा शब्द जुलैतल्या दोन सोमवारी ओआहाका शहरात होणाऱ्या नाचांच्या मोठ्या उत्सवाचं नाव म्हणून माहीत असतो. १९३२ साली सुरू झालेला, तिकीट काढून पाहायचा. गावात त्याचा अर्थ वेगळा. तुमच्या घरी लग्न निघालं की मी तुम्हाला दोन टर्की देतो, वजन करून. कुणी मका देतं, कुणी कोको, कुणी मेस्कालच्या बाटल्या, कुणी रोख. ते तुमच्याही वहीत लिहिलं जातं, माझ्याही. दहा वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न निघालं की मी तुमच्याकडे येतो आणि सांगतो, आता माझ्या टर्की द्या. तेवढ्याच वजनाच्या. तोवर मी वारलो असेन तर माझा मुलगा येतो. वही वारशात जाते.

“म्हणजे आहेराची वही,” आई म्हणाली. मी भाषांतर करायच्या आधीच.

आमच्याकडे कार्यालयात दाराशी टेबल टाकून कुणीतरी ती घेऊन बसतं. सदाशिवकाका, ५०१ रुपये. जोशी वहिनी, साडी. पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असलं तरी वही असतेच, लपवलेली. आईच्या कपाटात तिच्या लग्नाची वही अजून आहे. कुणाकडे लग्नाला जायचं झालं की ती काढून बघते, त्यांनी काय दिलं होतं. त्याहून थोडं जास्त द्यायचं. मी यावर कॉलेजात असताना खूप हसलो आहे. नातेवाइकांचं एक्सेल शीट.

मित्लात बाबा गाडीतच थांबले. चुना न वापरता एकमेकांत बसवलेल्या हजारो दगडांच्या त्या भिंतींपुढे मी उभा होतो खरा, पण डोक्यात मामा होता.

माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मामानं दर वर्षी साठ हजार रुपये भरले. बाबांची नोकरी तेव्हा गेली होती. मामा काही श्रीमंत नव्हे, तालुक्याच्या गावी त्याचं हार्डवेअरचं दुकान. त्यानं कधी विषय काढला नाही. मात्र दिवाळीत त्याच्या घरी गेल्यावर मी पहिल्या लाडवानंतर दुसरा घेत नसे. नोकरी लागून दोन वर्षं झाल्यावर मी बसून हिशेब केला. वर्षाला आठ टक्के, चक्रवाढ. ३ लाख ४० हजार ५८४ रुपये. एका एनईएफटीत पाठवले आणि शेरा लिहिला ‘फुल अँड फायनल’. मला तो विनोद वाटला होता. मामाचा मेसेज आला, “पोचले.” त्या रात्री मी जितका शांत झोपलो तितका क्वचितच झोपलो असेन.

आईला मी अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, “द्यायचे होतेच रे. पण असे?”

असे म्हणजे कसे ते मला कळलं नाही. पुढच्याच वर्षी मामेबहिणीचं लग्न झालं. दाराशी वही घेऊन मीच बसलो होतो, अक्षर चांगलं म्हणून. स्वतःच्या नावापुढे मी ११,००१ लिहिले. त्या लग्नासाठी मामानं पतसंस्थेतून तीन लाख काढले होते हे मला आठ महिन्यांनी कळलं, तेही बाबांकडून. माझ्या खात्यात तेव्हा त्याहून जास्त पडून होते. त्यानं मला का विचारलं नाही, यावर मी तेव्हा रागावलोही होतो.

मित्लाच्या भिंतीपुढे उभं राहून मला उत्तर सुचलं ते असं: विचारणार कसा? आमचं खातं मीच बंद केलं होतं. लेखी.

भेटवस्तूविषयी मार्सेल मॉसचं १९२५चं पुस्तक मी वाचलं आहे. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच असतात असं तो मांडतो. डेव्हिड ग्रेबरनं २०११च्या त्याच्या कर्जावरच्या ग्रंथात पुढे म्हटलंय, की शेजाऱ्याचं घेतलेलं अगदी मोजून तेवढंच परत केलं तर त्याचा अर्थ ‘आता आपला संबंध नको’ असा होऊ शकतो. आमच्याकडे साखरेची वाटी रिकामी परत करत नाहीत, त्यामागेही हेच असणार. पण गाईडच्या वहीनं मला इथे अडवलं. तिथे तर सगळं मोजूनच आहे. टर्कीचं वजनसुद्धा. मोजण्यानं नातं तुटतं म्हणावं तर या गावांतली नाती कधीच तुटायला हवी होती.

मग फरक कुठे आहे? माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर रकमेत नाही, लेटन्सीत आहे. गेलागेत्सात किती परत करायचं ते दोघांनाही माहीत असतं. कधी करायचं ते घेणाऱ्याच्या हातात नसतं. ते देणाऱ्याच्या गरजेवर ठरतं. त्याच्या घरी कार्य निघेल तेव्हा. तोवर मी मिंधा आहे, म्हणजे तोवर मी त्याच्या घरात काय चाललंय यावर लक्ष ठेवून आहे. त्याची मुलगी किती मोठी झाली हे मला माहीत असावं लागतं. मी मामाचे पैसे परत केले ते माझ्या सोयीनं, माझी झोप नीट व्हावी म्हणून. व्याजही त्याची किंमत नव्हती, माझ्या सुटकेची होती.

हे लिहिताना मला एका गोष्टीची भीती वाटते. कर्जाबद्दल गोड बोलणं महाराष्ट्रातल्या माणसाला शोभत नाही. आपल्याकडे कर्जानं माणसं फास लावून घेतात. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो म्हटलंय, तेही सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या माणसापुढे म्हणवत नाही. तिथे परतफेड कधी करायची हे देणाराच ठरवतो, आणि तोच तर जाच असतो. मग माझ्या उत्तराचं काय? मला वाटतं, गेलागेत्सात उद्या मीच देणारा असतो, सावकाराच्या बाबतीत तसा कधीच नसतो, एवढ्यावर ते टिकतं. आपल्या इर्जिकीत आज माझ्या शेतात सगळ्यांचे बैल, उद्या तुझ्या. पण ज्याच्याकडे बैलच नाही त्याचं काय, हा प्रश्न तिथेही होताच.

गाईडही वहीबद्दल हळवा नव्हता. त्याच्या थोरल्या भावाला गावच्या उत्सवाचा यजमान होण्याची पाळी आली तेव्हा त्याच खर्चापायी हा लॉस एंजेलिसला गेला. आणि टर्की वहीत पुरुषाच्या नावावर लिहिली जाते, वाढवते बायको, असं तो स्वतःच म्हणाला. आईनं यावर बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

दुपारी येर्वे एल आग्वा. नावाचा अर्थ ‘पाणी उकळतंय’, पण पाणी कोमटही म्हणता येणार नाही असं. झऱ्यातून बुडबुडे येतात म्हणून ते नाव. कड्यावरून धबधबा कोसळतोय आणि मधेच थिजलाय असं दिसतं. पाणी ओघळता ओघळता त्यातला चुना मागे राहतो, हजारो वर्षं राहतो, त्याचा हा पांढरा कडा. पुण्यात बोअरच्या पाण्यानं बादलीवर चढतो तोच थर. वरच्या उतारावर दगडात कोरलेले पाट आहेत, अडीच हजार वर्षांपूर्वीचे. बाबा गुडघा विसरून ते बघायला उतरले आणि मग वर चढताना त्यांना तो आठवला.

आम्ही रस्त्यावर एकदा पैसे दिले आणि फाटकाशी पुन्हा. मी कुरकुरलो तेव्हा गाईड म्हणाला, मिळालं आत जायला हे बघा. मार्च २०२१मध्ये सान इसिद्रो रोआगिया गावाच्या सभेनं हे ठिकाण बंद करून टाकलं होतं. आमच्या पाण्यावर बाहेरचे कमावतात, ही तक्रार. शिवाय शेजारच्या सान लोरेन्सो आल्बार्रादासशी उत्पन्नावरून जुना वाद. जगभरच्या यादीत असलेलं ठिकाण, आणि गावानं दोरी आडवी लावली. ओआहाका राज्यात ५७० नगरपालिका आहेत, त्यांतल्या चारशेहून अधिक आपले कारभारी पक्षांविना, गावच्या रीतीनं निवडतात. तिथे सभेत बसायचं तर आधी गावाचं काम बिनपगारी करावं लागतं. रस्ता, पाण्याची टाकी, शाळेचं छत. त्याला तेकियो म्हणतात. जो गावाचं काही लागत नाही, त्याला गावात मतही नाही.

मी फाटकावर रीतसर पावती घेतलेला माणूस. मी तिथे कुणाचं काही लागत नव्हतो, आणि सकाळी मला हवं होतं ते नेमकं हेच.

परतताना त्लाकोलुलाजवळ गाईडनं गाडी थांबवली आणि पाच मिनिटांत येतो म्हणाला. आला तो हातात कागदाची पिशवी घेऊन. आत अजून गरम असलेला पाव, जिथे तो नेहमी घेतो तिथला. आईच्या हातात देऊन म्हणाला, सेन्योरा, हा टूरमध्ये नाही. मी खिशाकडे हात नेला तर आईनं माझ्या मनगटावर चापट मारली. मग तिनं पायाशी ठेवलेल्या पिशवीत बराच वेळ शोधाशोध केली. ह्यूस्टनहून निघताना चिवडा घेतला होता, बाबांना बाहेरचं चालत नाही म्हणून. निम्मा उरला होता. तिनं तो स्टीलच्या डब्यासकट त्याच्या बाजूच्या सीटवर ठेवला.

हॉटेलच्या दारात मी त्याला टिपेचं पाकीट दिलं. त्यानं ते न उघडता खिशात टाकलं, आणि डबा उचलून आईकडे पाहिलं. खुणेनंच विचारलं, हा?

“असू दे,” आई मराठीत म्हणाली. “पुढच्या वेळी द्या.”

तो हसला, त्याला कळलं की नाही कोण जाणे. खोलीवर आल्यावर बाबा म्हणाले, तो डबा तीनच्या सेटमधला होता, लग्नातला, तुझ्या मामानं दिलेला. आई पावाचा तुकडा मोडत होती. तिनं एक मला दिला, एक बाबांना, आणि म्हणाली, “भारतात आता किती वाजले असतील रे?”

मी हिशेब केला. सकाळचे साडेसहा. मामा सहाला उठतो.